चरावरची भलरी

2016 च्या एप्रिलमध्ये लातुरात दोन गोष्टी येऊन थडकल्या. 12 तारखेला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. 29 तारखेला ‘सैराट’ हा चित्रपट लागला. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आलेल्या त्या उन्हाळ्यात लातूर-नांदेडच्या वराती त्यातल्या ‘झिंगाट’वर नाचत होत्या. यात कुणाला विसंगती दिसेल. मला दिसत नाही. दुष्काळ पडला म्हणून लग्नं थांबत नाहीत.

वर्षभरानं ‘झिंगाट’च्याच अजय-अतुल यांचं ‘तुफान आलंया’ आलं. शब्द गुरू ठाकूर यांचे, निमित्त पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपचं, म्हणजे गावांनी श्रमदानानं पाणी अडवायच्या स्पर्धेचं. पर्यावरणाची गाणी एरवी शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हटली जातात आणि तिथंच विरतात. हे गाणं मात्र रिक्षात, वरातीत, मोबाइलच्या रिंगटोनमध्ये शिरलं आणि तिथून थेट माळावर गेलं.

मी ते नीट ऐकलं लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या बरडावर. उन्हं अजून वर आली नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भोंगा बांधलेला. दोन पोरं लाकडी ए-फ्रेम घेऊन उतारावर पुढं सरकत होती. तीन काठ्या जोडून केलेली ती चौकट, वरून दोरीला लोंबणारा दगड. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर थांबली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं फक्की टाकायची आणि एक पाय तसाच ठेवून दुसरा फिरवायचा. अशी फक्कीची रेघ टेकडीला वळसा घालत जाते. त्या रेघेवर समतल चर खोदायचा आणि माती उताराच्या बाजूला टाकायची. मुरूम टणक होता, टिकाव मारला की ठिणगी उडायची. गाण्याचा ठेका बदलला की टोपली पुढं देणारी रांगही चाल बदलायची. ते गाणं कुणी कान देऊन ऐकत नव्हतं, त्यावर कामं चालली होती.

तेव्हा मला भलरी आठवली, शेतात सगळ्यांनी मिळून काम करताना म्हणायचं गाणं. ज्वारीची काढणी, खुरपणी अशी सगळी कामं आमच्याकडे एके काळी भलरीवर चालायची. एकानं सुरू करायचं, बाकीच्यांनी ओढायचं, आणि कंबर मोडली तरी पात धरून ठेवायची. आता सोयाबीन गुत्त्यानं काढून घेतात. गुत्तेदाराची टोळी येते, एकरावर पैसे ठरतात आणि काम मुकाट्यानं उरकतं. सगळ्या गावानं एका पातीला लागायचा प्रसंगच उरला नव्हता. स्पर्धेच्या पंचेचाळीस दिवसांनी तो पुन्हा आणला. 2018 च्या 8 एप्रिलला मध्यरात्री बाराच्या ठोक्याला गावंच्या गावं मशाली घेऊन खोदायला बाहेर पडली. 2016 मध्ये स्पर्धेत तीन तालुके होते, त्यात शेजारचं अंबाजोगाई. 2018 पर्यंत ते पंचाहत्तर झाले. त्या वर्षी 1 मेच्या महाश्रमदानाला आमिर खान आणि आलिया भट लातूर जिल्ह्यात आले. गर्दी त्यांना बघायला झाली हे खरं. पण ते गेल्यानंतरही चर खणले जात होते, आणि त्याचं श्रेय मी या गाण्याला देतो.

त्याच माळावर एक बाई माझ्या शेजारी दगड उचलत होत्या. घरची जमीन गुंठाभरही नाही. विचारलं तर म्हणाल्या, “हिरी भरतील त्यांच्या, बाप्पा. आमाला घागरभर गावलं तरी लई झालं.” आणि पुन्हा कामाला लागल्या.

गाण्याची ताकद त्या बोलण्यात आहे आणि त्याची हद्दही तिथंच आहे. घाम सगळ्यांनी मिळून गाळायचा असतो, तिथं गाणं कामाला येतं. पाणी जमल्यावर ते कुणी किती उपसायचं, हा प्रश्न घराघरातला, भावाभावातला होतो. तिथं भोंगा लावून भागत नाही. 1970 च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली तेव्हा हिशेब आधीच ठरवला होता: पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळेल, भूमिहीनालाही हक्क राहील, आणि उसाला पाणी नाही. त्या नियमांचं गाणं होऊन वरातीत वाजणं कठीण. तरी पाण्याचं खरं काम तिथंच होतं, असं मी मानतो.

कारण आकडे सोपे आहेत. एक हेक्टर उसाला पाटानं वर्षभरात सुमारे 2 कोटी लिटर पाणी जातं. पुढं लातूरला पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, तिच्यात 25 लाख लिटर मावायचं. म्हणजे हेक्टरभर उसात अशा आठ गाड्या मुरतात. 2016 च्या पावसाळ्याअखेर लातूरला पाणी देणारं मांजरा धरण भरलं आणि पाठोपाठ ऊसही परतला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ऊस गारपिटीत तग धरतो, कारखाना तो नेतो, सोयाबीनच्या भावाची कसली खात्री? पाणी फाउंडेशननंही पुढं समृद्ध गाव स्पर्धा आणली, मग गटशेतीचा फार्मर कप आणला. चरापासून पिकापर्यंत त्यांनाही यावंच लागलं.

नांदेडच्या कंधार-मुखेडकडचा भागही लातूरच्या त्या बरडासारखाच डोंगराळ. तिकडच्या एका ग्रामसभेत मी बसलो होतो. सुरुवातीला हेच गाणं लावलं, पोरं उठून नाचली. मग मास्तरांनी फळ्यावर गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला: पाऊस किती पडला, विहिरी-बोअर किती, कोणत्या पिकाला किती लागणार. तूट निघाली. यंदा ऊस कोण कमी करतो, असं विचारल्यावर सभा गप्प झाली. बऱ्याच वेळानं एक जण म्हणाला, “शेजाऱ्यानं खोडवा मोडला तर मीबी मोडतो.” शेजारी तिथंच होता. त्यानं कारखान्याची उचल घेतलेली होती. ती कशी फेडायची आणि दोघांनी मिळून हरभऱ्याला किती रान द्यायचं, यावर दोघंही रात्री उशिरापर्यंत मास्तरांशी बोलत बसले.