आखडलेल्या अंगाचा शिक्षक

योगशिक्षक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लवचिक शरीर उभं राहतं. समाजमाध्यमांनी ते चित्र आणखी पक्कं केलं: समुद्रकिनारा, सूर्योदय आणि मानेमागे टाकलेला पाय. मला अशा शरीरांबद्दल आदर आहे, पण शिक्षक निवडताना मी तिकडे बघणार नाही. ज्याचं कपाळ पश्चिमोत्तानासनात पहिल्याच दिवशी गुडघ्यांना टेकलं, तो त्या वाटेत काय काय आडवं येतं हे दुसऱ्याला कुठून सांगणार?

बी. के. एस. अय्यंगारांची गोष्ट पुण्यात चमत्कारासारखी सांगितली जाते. दुबळा मुलगा, मग योग, मग जगभर कीर्ती. मला तिचा मधला भाग मोलाचा वाटतो. १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीत, कर्नाटकातल्या बेळ्ळूर गावी जन्म. बालपण मलेरिया, विषमज्वर आणि क्षयात गेलेलं. मैसूरला योग शिकवणारे मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे राहायला गेल्यावरही सुरुवातीला फारसं शिक्षण झालं नाही. पुढे झालं ते धाकात. एकदा लोकांसमोर त्यांना हनुमानासन करायला लावलं आणि मांडीमागचे स्नायू दुखावले, ते बराच काळ. १९३७ मध्ये त्यांना पुण्याला शिकवायला पाठवलं, ते थोडंफार इंग्रजी येत होतं म्हणून. वय अठरा. मराठी येत नव्हती, आणि समोर डेक्कन जिमखान्यावरची धडधाकट मंडळी.

म्हणजे शिकून झाल्यावर ते शिकवायला लागले, असं नाही. शिकवणं अंगावर पडलं म्हणून ते स्वतःच्या शरीरावर तासन्‌तास प्रयोग करत बसले. भिंत, दोर, लाकडी ठोकळे, पट्टे, पाठ काढून टाकलेली घडीची खुर्ची ही सगळी सामग्री त्याच गरजेतून आली. ज्याचा हात जमिनीला पोचत नाही त्याच्यासाठी जमीनच वर आणायची, ही कल्पना सहज वाकणाऱ्याला सुचण्याचं कारण नव्हतं. त्यांची मुलगी गीता हिलाही लहानपणी मूत्रपिंडाचा गंभीर आजार होता; तीही पुढे मोठी शिक्षिका झाली. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

१९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन मुंबईत त्यांना भेटले. भेट काही मिनिटांची ठरली होती. अय्यंगारांनी त्यांना कुठलं अवघड आसन दाखवलं नाही, निजवलं, आणि मेन्युहिन चक्क झोपी गेले. दमलेल्या माणसाला आधी काय द्यायचं, हे ज्याला दिसतं तो शिक्षक.

मी या वाटेला लागले ती कंबरेमुळे, अध्यात्मामुळे नव्हे. पुढे सोसायटीच्या हॉलमध्ये शिकवायला लागले. तिथे बँकेतून निवृत्त झालेले काका, गुडघे बदललेल्या आजी आणि सतत लॅपटॉपवर वाकून खांदे पुढे आलेली मुलं असतात. ताडासनात एका आजींच्या पावलांचा भार आतल्या कडेवर पडतो हे लक्षात आलं, तेव्हा घरी येऊन मी माझ्या चपला उलटून पाहिल्या. आतल्या बाजूनेच झिजलेल्या. आरशासमोरच्या सरावात हे मला कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्याच्या अंगावर नजर ठेवताना स्वतःचं अंग कळत जातं, म्हणून शिकवणं हा मला साधनेनंतरचा टप्पा न वाटता साधनेचाच भाग वाटतो.

त्यामुळे ऋषिकेश किंवा गोव्यात दोनशे तासांचा कोर्स करून येणाऱ्यांना जुनी मंडळी नाकं मुरडतात, त्यात मी सामील होत नाही. मैसूरला अय्यंगारांना तरी किती तास मिळाले होते? प्रश्न प्रमाणपत्रानंतरच्या वर्षांचा आहे. आणि परंपरेचा फार टेंभा मिरवण्यातही अर्थ नाही. पतंजलींच्या जवळजवळ दोनशे सूत्रांत आसनासाठी जेमतेम तीन सूत्रं आहेत, आणि एकाही आसनाचं नाव नाही. आज वर्गात आपण जे करतो त्यातलं बरंचसं हठयोगाच्या ग्रंथांतलं आणि विसाव्या शतकातल्या शोधाशोधीतलं आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या, तीही अशीच शोधाशोध.

एक गोष्ट मात्र अय्यंगारांकडून घेऊ नये. मैसूरचा धाक त्यांच्यासोबत पुण्याला आला. त्यांच्या चापट्यांच्या आठवणी त्यांचे शिष्य कौतुकाने सांगतात. मला ते कौतुक पटत नाही. त्यांच्या नजरेतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, त्या हातातून नाही. ज्याच्या मांडीचे स्नायू धाकाने दुखावले, त्याच्याकडून उलट अपेक्षा होती.

माझ्याकडे शिकवायची इच्छा घेऊन तरुण मुलंमुली येतात. मी त्यांना सुरुवातीला हॉलच्या मागच्या भिंतीशी उभं करते आणि नुसतं बघायला सांगते: कोण श्वास रोखतंय, कुणाचा जबडा आवळलाय, कोण शेजाऱ्याकडे बघून जास्त वाकतंय. सूचना द्यायची नाही, हात लावायचा नाही. बहुतेकांना हे कंटाळवाणं वाटतं आणि काही जण दुसऱ्या आठवड्यापासून येईनासे होतात. टिकतात त्यांत आखडलेल्या अंगाचे जास्त.