सांगावे की न सांगावे

२०१९ सालची दिवाळी आठ दिवसांवर आली होती. राऊच्या आमच्या घरी वहिनी चकल्या तळीत होत्या आणि तेल निथळावे म्हणून परातीत जुन्या हिंदी वर्तमानपत्राचे कागद घालीत होत्या. एक कागद घालता घालता त्या थांबल्या. उभ्या उभ्याच त्यांनी एक लहानशी बातमी वाचली, गॅस बंद केला आणि तो कागद माझ्यासमोर आणून ठेवला.

‘‘भावोजी, हे तुम्हाला माहीत होते?’’

मला माहीत होते. दादालाही माहीत होते. जुलैतच ती बातमी वाचून आम्ही दोघांनी तो अंक रद्दीच्या गठ्ठ्यात खाली सारला होता.

२०१२ साली वहिनींच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली. स्तन काढावा लागला आणि त्या जागी सिलिकॉनचे रोपण बसविण्यात आले. ‘या वयात हे कशाला?’ असे आमच्यातल्याच काहींनी आडून म्हटले. वहिनींचे उत्तर साधे होते : जन्मभर पदर सावरीत बसायचे नाही. त्यानंतर घरात त्या विषयाला कोणी हात लावला नाही. आजारपणाला आम्ही ‘ते ऑपरेशन’ म्हणत असू. मराठी आणि हिंदी अशा दोन भाषा आमच्या घरात सुखाने नांदतात, पण स्त्रीच्या शरीराविषयी सरळ बोलायला दोन्हींतला एकही शब्द आमच्या ओठांवर येत नसे.

बातमी अशी होती. २४ जुलै २०१९ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ॲलर्गन कंपनीला तिची ‘बायोसेल’ जातीची खरखरीत पृष्ठभागाची रोपणे परत घेण्यास सांगितले आणि कंपनीने ती जगभरातून मागे घेतली. अशा रोपणांशी निगडित लिम्फोमाचे ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू तोवर नोंदले गेले होते. त्यांपैकी ४८१ रुग्ण याच कंपनीच्या रोपणांचे होते. हा स्तनाचा कर्करोग नव्हे. रोपणाभोवती शरीर जे वणाचे आवरण तयार करते, त्यात किंवा तिथे साठणाऱ्या द्रवात पांढऱ्या पेशींचा हा विकार उद्भवतो. रोपण जागचे हलू नये म्हणून ज्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केला, त्याच्याशी हा रोग जोडला गेला. पहिला रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला १९९७ साली; अमेरिकी प्रशासनाने सावधगिरीची सूचना दिली २०११ मध्ये; जागतिक आरोग्य संघटनेने तो स्वतंत्र रोग मानला २०१६ मध्ये.

आम्ही का लपविले? दादाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. धोका फार थोड्या स्त्रियांना. त्रास नसेल तर रोपण काढू नये, असे खुद्द अमेरिकी प्रशासनच सांगत होते. वहिनींचे रोपण कोणत्या कंपनीचे, तेही आम्हाला ठाऊक नव्हते. त्याचे कार्ड घर बदलताना हरवले होते. मग करण्यासारखे काही नसताना एका मरणातून परतलेल्या बाईला दुसऱ्या मरणाची चाहूल कशाला द्यावी? खरे बोलावे, पण अप्रिय खरे बोलू नये, हे सुभाषित आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. दादाने तेच पुढे केले आणि मी मान डोलावली.

आमची चूक ‘करण्यासारखे काही नाही’ या वाक्यात होती. हा रोग बहुधा शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा वर्षांनी एका बाजूच्या सुजेने प्रकट होतो. त्या सुजेतला द्रव काढून तपासता येतो आणि रोग वेळीच सापडला, तर रोपण व आवरण काढून टाकल्यावर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणजे इथे बचाव असतो तो रुग्णाच्या स्वतःच्या लक्षात. सूज आली तर ‘वयाने असेल’ म्हणून गप्प बसायचे नाही, एवढे जिला ठाऊक आहे, तिचे अर्धे रक्षण झाले. वहिनींच्या ऑपरेशनाला तेव्हा सात वर्षे झाली होती. आम्ही त्यांचे दुःख नव्हे, त्यांचे हत्यार लपविले होते.

फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने रोपणांत औद्योगिक सिलिकॉन भरले. २०१० साली ते उघडकीस आले आणि २०१३ मध्ये तिच्या संस्थापकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. ती उघड लबाडी होती. तिचा निवाडा करणे सोपे. आमच्यात लबाडी नव्हती, माया होती. पण मायेने लपविलेले आणि लोभाने लपविलेले यांत भोगणाऱ्याच्या वाट्याला जे येते, ते वेगळे असते काय? कंपनीने का सांगितले नाही, म्हणून आपण तावातावाने बोलतो. घरातल्या बाईला आपण किती सांगतो, हे मात्र विचारीत नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा आपल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हे त्यांनी श्रीरामपूरच्या भाषणात सांगितले होते. बाईने आपले दुखणे परक्या पुरुषापुढे कसे सांगावे, ही तेव्हाची अडचण. आता स्त्री डॉक्टर आहेत. पण डॉक्टर आणि बाई यांच्यामध्ये आम्ही घरचे पुरुष उभे राहतो आणि तिने काय ऐकावे ते ठरवितो.

सांगण्याला किंमत पडते, हेही मान्य केले पाहिजे. त्या दिवाळीत वहिनींना धड झोप नव्हती. रात्री त्या ओसरीवर येऊन बसत. दादा मला म्हणाला, ‘‘पाहिलेस? म्हणूनच नको म्हणत होतो.’’ त्याचे दुःख खरे होते. पण ती झोप कुणाची होती? स्वतःच्या शरीराची काळजी करण्याचा अधिकार दुसऱ्याने काढून घ्यावा, इतके कोणते नाते मोठे असते? अप्रिय सत्य सांगू नये, याचा अर्थ ते गिळावे असा नसून, ऐकणाऱ्याला झेपेल अशा वेळी, अशा शब्दांत, शेजारी बसून सांगावे असा असला पाहिजे.

भाऊबीज झाल्यावर वहिनी स्वतःच डॉक्टरांकडे गेल्या. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तिथे रोपणाची नोंद सापडली नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितले की सूज नाही, दुखत नाही, काढण्याचे कारण नाही. काही बदल दिसला तर मात्र लगेच या. दादा जे म्हणाला असता, जवळजवळ तेच. फरक एवढाच की आता ते वहिनींना ठाऊक होते.

घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांच्या सूचना मराठीत एका वहीत लिहिल्या आणि ती वही देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. मग दादाला व मला समोर बसवून म्हणाल्या, ‘‘यात स्तन असे लिहिले आहे. वाचा मोठ्याने.’’

दादाने वाचले. पहिल्यांदा त्याचा आवाज अडखळला.