श्रवण आणि अश्रू

जे दुःख कधी घडलेच नाही, जे भोगणारी स्त्री खेळ संपताच तोंडावरचा रंग पुसून आपल्या बिऱ्हाडी जाते, त्या दुःखासाठी प्रेक्षकाच्या डोळ्यांतून येणारे पाणी खरे मानावे की खोटे, आणि खरे मानलेच तर धर्माच्या खतावणीत ते कोणाच्या खाती जमा धरावे, हा प्रश्न विद्वानांनी फार पूर्वी उपस्थित केलेला असला, तरी माझ्या वाट्याला तो ग्रंथांतून आला नाही. तो पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या गडाखाली, एका ठिगळांच्या तंबूत, १९७३ सालच्या शिमग्यानंतरच्या यात्रेत आला, आणि आज इतक्या वर्षांनंतरही तो माझ्या मनातून उठून गेलेला नाही.

१९७२ चा पावसाळा कोरडा गेला होता. आणेवारीचे आकडे मामलेदार कचेरीतून येण्यापूर्वीच आमच्या विहिरींनी आपला निकाल देऊन टाकला होता. माझी आजी आणि गावातल्या बहुतेक बाया रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडीत. मुकादम सकाळी हजेरीपटावरून नावे पुकारी, दुपारी आम्हा पोरांना सुकडी मिळे, आणि रात्री चुलीवर तांबड्या मिलोच्या भाकरी पडत. त्यांची चव आठवली की अजूनही घास घशाशी अडल्यासारखा वाटतो. अशा दिवसांत, बोटांच्या फोडांवर चिंध्या गुंडाळलेल्या त्या बाया कानिफनाथाच्या दर्शनाला म्हणून पायी निघाल्या, आणि दर्शन झाल्यावर कमरेच्या पिशवीतले पैसे दोनदा मोजून टूरिंग टॉकीजच्या तंबूत रडायला जाऊन बसल्या. 'रडायला' हा शब्द मी विचारपूर्वक योजिला आहे. कारण चित्रपट कोणता ते त्यांना ठाऊक होते, काहींनी तो पूर्वी पाहिलेला होता, आणि आपण तिथे कशासाठी जात आहोत याविषयी त्यांच्या मनात कसलाही संदेह नव्हता.

चित्रपट होता अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. तंबूत मधोमध दोरी ताणलेली, तिच्या अलीकडे पुरुष, पलीकडे बाया आणि पोरे, बुडाखाली माती, आणि बाहेर ट्रकजवळ धडधडणारे जनरेटर. तमाशाच्या बोर्डावर उभी राहून चिमा भर गावापुढे पाटलाचे पाप उघडे करू लागली, सारा तंबू गप्प झाला, आणि नेमक्या त्याच क्षणी रीळ तुटले. पडदा पांढरा झाला, आवाज थांबला, पुरुषांच्या बाजूने दोन-चार शिट्ट्या वाजल्या आणि त्याही विरल्या; मग त्या अंधारात, कथेचा आधार सुटल्यानंतरही, बायांच्या बाजूचे हुंदके मात्र तसेच चालू राहिले. चिमा आता बोलत नव्हती. पाटील दिसत नव्हता. तरी माझी आजी, जिला आजोबांच्या तिरडीपुढेदेखील मी रडताना पाहिले नव्हते, ती पदराचा बोळा तोंडात धरून गदगदत होती. चालकाने कंदील वर केला तेव्हा सगळ्यांनी एकदम पदर डोळ्यांवर ओढले, आणि एकीनेही दुसरीच्या तोंडाकडे पाहिले नाही.

अनंत माने यांचा जन्म १९१५ साली कोल्हापुरात झाला, आणि चित्रपटाचे पहिले धडे त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या संकलन विभागात गिरवले. म्हणजे कात्री आणि डिंक हाती घेऊन, कोणते दृश्य कोठे तोडले असता प्रेक्षकाचा श्वास अडकतो आणि कोठे जोडले असता तो सुटतो, याचा हिशेब मांडण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. 'धाकटी जाऊ' (१९५८), 'अवघाची संसार' (१९६०), 'मानिनी' (१९६१) हे त्यांचे घरसंसाराचे चित्रपट, आणि 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'सवाल माझा ऐका' (१९६४), 'केला इशारा जाता जाता' (१९६५), 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) हे तमाशाचे; १९९५ साली ते निवर्तले तेव्हा मराठी बोलपटाच्या या दोन्ही प्रवाहांवर त्यांचा ठसा उमटलेला होता. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात 'सांगत्ये ऐका' १३१ आठवडे चालला, हे सर्वश्रुत आहे. वरवर पाहता त्यात नवे ते काय? गावच्या पाटलाने एका कुणबिणीच्या संसाराची धूळधाण केली, तिची अनाथ पोर तमाशाच्या फडात वाढली, त्याच पाटलाचा मुलगा तिच्यावर भाळला, आणि शेवटी पोरीला वाढवणाऱ्या चिमाने सत्य सांगितले. परंतु ते सत्य तिने कोठे सांगितले, याला माझ्या मते फार महत्त्व आहे. तिने फौजदारापुढे फिर्याद गुदरली नाही, देवळात जाऊन गाऱ्हाणे घातले नाही. ज्या बोर्डावर तिला नाचण्यासाठी आणले होते तोच बोर्ड तिने आपली कचेरी केला आणि ढोलकीच्या साथीने आपली कैफियत गावाला ऐकवली.

आता विद्वान काय म्हणतात ते पाहू. प्लेटोने आपल्या आदर्श राज्याच्या दहाव्या भागात अशा रडण्याला हरकत घेतली आहे. परक्याच्या शोकावर पोसलेले मन स्वतःच्या शोकात दुबळे होते, असा त्याचा आक्षेप. ख्रिस्ती संत ऑगस्टीन तर आपल्या आत्मनिवेदनाच्या तिसऱ्या खंडात तरुणपणी कार्थेजच्या नाट्यगृहांत ढाळलेल्या अश्रूंबद्दल पश्चात्ताप करतो आणि विचारतो की ज्या दयेत कोणाला हात देण्यासाठी उठायचे नाही, नुसते बसून हळहळायचे आहे, ती कसली दया? हा आक्षेप मला अत्यंत गंभीर वाटतो, आणि त्याला उत्तर देणे सोपे आहे असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे भरताने शोक हा करुणाचा स्थायी भाव सांगितला, भवभूतीने करुणालाच सर्व रसांचे मूळ मानले, आणि भट्टनायकाने साधारणीकरणाची उपपत्ती मांडून सीतेचे दुःख हे कोणा एका सीतेचे राहत नाही म्हणूनच ते आस्वाद्य होते, असे दाखवून दिले. १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाला 'सविकल्प समाधी' असे नाव दिले, त्यातही याच विचाराचा धागा आहे: वाचक पात्राशी एकरूप होतो आणि तरीही स्वतःला विसरत नाही.

पण अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या मार्गातली जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हेही एक विघ्न आहे, आणि इथे माझी अडचण सुरू होते. या कसोटीला लावले तर तंबूतल्या बायांना रसास्वाद झालाच नाही असे म्हणावे लागेल; कारण रीळ तुटल्यावरही जे हुंदके चालू राहिले ते चिमाचे नव्हते, ते ज्याचे त्याचे होते. आचार्यांच्या अधिकाराविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे, आणि तरीही मला असे वाटते की त्या अंधारात जे घडले त्याला रस हे नाव लागू पडत नसेल तर त्याने त्याची किंमत उणी होत नाही; त्याला निराळे नाव शोधले पाहिजे. अभिनवगुप्ताच्या मनातला प्रेक्षक म्हणजे सहृदय. त्याने काव्याचे अनुशीलन केलेले असे, त्याच्या मनाचा आरसा घासूनपुसून लख्ख असे. खडी फोडणाऱ्या बाईच्या मनाला ही फुरसत कोणी दिली होती?

उत्तर युरोपात फिनलंडमध्ये, आपल्यापासून इतक्या दूर, टेउवो तुलिओ नावाच्या दिग्दर्शकाने फसवल्या गेलेल्या स्त्रीचे हेच दुःख जन्मभर चित्रित केले. १९१२ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मलेला, प्रथम मूकपटांत नायक म्हणून नावाजलेला आणि १९३६ पासून दिग्दर्शनाकडे वळलेला हा मनुष्य पुनःपुन्हा एकच कथा सांगत राहिला: गावाकडची निष्पाप मुलगी, तिला फसवणारा सधन घरचा पुरुष, मग शहर, मग अधःपात. रेजिना लिन्नानहेइमो ही त्याची नायिका. १९४६ च्या 'प्रेमाचा क्रूस' या अर्थाच्या नावाच्या चित्रपटात दीपगृहाच्या रखवालदाराची फसवली गेलेली मुलगी एका चित्रकारापुढे क्रुसावरच्या स्त्रीच्या रूपात उभी राहते. त्याच्या सुरुवातीच्या काही चित्रपटांच्या प्रती आगीत भस्मसात झाल्या, १९७३ नंतर त्याने चित्रपट केला नाही, आणि २००० साली तो वारला. तुलिओच्या त्या क्रुसाजवळ मी फार वेळ थांबलो आहे. तिथे पापाची जाणीव इतकी आत वळलेली आहे की जिच्यावर अन्याय झाला तीच त्याचे ओझे खांद्यावर घेते. तिच्या यातनेचे चित्र होते, लोक ते पाहतात, पण ती बोलत नाही. मान्यांची चिमा बोलते. एकाच जातीच्या दोन कथांमधला हा भेद मला केवळ शैलीचा वाटत नाही, तो धर्मदृष्टीचा आहे.

पण बोलणारीला ऐकणारे कोणी लागते. आमच्या या जिल्ह्यात प्रवरेच्या काठी नेवासे आहे, आणि तिथल्या ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीतेचा अर्थ सांगितला तो खांब आजही लोक हात लावून डोळ्यांना लावतात. ज्ञानेश्वरी वाचताना एक गोष्ट मनावर ठसते: वक्ता इतका समर्थ असूनही पदोपदी श्रोत्यांची मनधरणी करतो, आणि नवव्या अध्यायाच्या आरंभी तर तो त्यांच्याकडे एकच गोष्ट मागतो, ती म्हणजे अवधान. दक्षिणा नको, स्तुती नको, नुसते लक्ष द्या. नवविधा भक्तीत श्रवण पहिले येते, परीक्षिताने मरणाच्या दारी बसून सात दिवस दुसरे काही केले नाही, ऐकले. आणि या क्रमाला काही अर्थ असेल तर तो हाच की दुसऱ्याचे बोलणे संपूर्ण अवधानाने आपल्यात उतरू देणे ही उपासनेची पहिली पायरी आहे. हरिकथा ऐकणे आणि तमाशातल्या बाईची कथा ऐकणे एकाच पंक्तीला बसवतो म्हणून कोणी रागावेल, तर त्याला मी संगमनेरच्या अनंत फंदीची आठवण देईन. अहिल्याबाईंच्या उपदेशाने फंदींनी तमाशा सोडून कीर्तनाची कास धरली, असे परंपरा सांगते, आणि त्याच अहिल्याबाईंचे नाव, त्यांचा जन्म जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा म्हणून, आज या जिल्ह्याला मिळाले आहे. फंदींनी वाट बदलली खरी, पण कवनाला सरावलेली वाणी त्यांच्याबरोबरच गेली; आणि संगमनेरही तमाशाला विसरले नाही, कांताबाई सातारकरांसारख्या कलावतीने आपले बिऱ्हाड तिथेच थाटले आणि २०२१ साली तिथेच देह ठेवला.

ऑगस्टीनचा आक्षेप मात्र याने संपत नाही, आणि त्याची धार मला हंसा वाडकरांच्या बाबतीत सर्वांत अधिक जाणवते. प्रभातच्या 'संत सखू'त (१९४१) त्या सखू होत्या, 'सांगत्ये ऐका'त चिमा. एकाच चेहऱ्यापुढे महाराष्ट्राने एकदा हात जोडले आणि एकदा डोळे पुसले. १३१ आठवडे लोक चिमासाठी रडले, पण ती उभी करणाऱ्या बाईच्या आयुष्यात काय चालले होते ते विचारायला त्यांतले कोणी उठले नाही, आणि शेवटी १९७० साली त्यांनी स्वतःच आपली कहाणी सांगितली, तिला त्याच चित्रपटाचे नाव दिले, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. हे आठवले की त्या अश्रूंविषयीचा माझा पक्ष लंगडा पडतो. पुढे १९९१ साली विजय कोंडके यांच्या 'माहेरची साडी'ने गावोगावच्या बायांना असेच रडवले; त्या रडण्याचीही मी अवहेलना करणार नाही, पण त्यातली सून सोसते आणि तिच्या सोसण्याचाच गौरव होतो, आणि सोसण्याचा गौरव ऐकून घरी गेलेल्या बाईच्या पदरात नेमके काय पडते, याचे मला भय वाटते. ज्या कथेत बोलायचे राहून जाते ती कथा ऐकणारणीलाही गप्प करते. हे माझे मत कठोर असेल, पण ते मी बदललेले नाही.

त्या रात्री रीळ जोडले गेले, चिमाचे सांगणे पुरे झाले, आणि आम्ही चांदण्यात गावाकडे चालू लागलो. आमच्यात एक बाई होती. तिचे तान्हे मूल माघात गेले होते, आणि तेव्हापासून ती कामावर हजेरीला 'हाय' म्हणण्यापलीकडे शब्द बोलली नव्हती. अर्ध्या वाटेत, आम्हीच फोडून ठेवलेल्या खडीच्या ढिगापाशी, कोणी काही विचारलेले नसता ती एकाएकी बोलू लागली: पोराला आधी ताप कसा आला, तालुक्याला न्यायला गाडी कशी मिळाली नाही, दूध कसे आटले. बाकीच्या बाया पुढे जाणार होत्या, सकाळी पुन्हा कामावर जायचे होते. माझी आजी ढिगावर टेकली, कंदील खाली ठेवला आणि म्हणाली, "बस गं बाई. सांग." मी तिच्या मांडीवर डोके ठेवून पेंगत होतो, मध्येच जाग येई तेव्हा तो आवाज चालूच असे, आणि आजी कोठे 'हं' म्हणे, कोठे तेही म्हणत नसे. कंदिलातले तेल संपून तो विझला तरी त्या उठल्या नव्हत्या.