पहाटेचा तास कुणाचा?

कांदिवलीत पहाटे साडेपाचला रस्ते मोकळे असतात. ठाकूर व्हिलेजमधून निघून, हायवेच्या कडेने बोरिवलीला नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत धावत जाणारे बरेच जण तेव्हा दिसतात. त्यांतलाच मी एक. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हापासून उपनगरांत धावणाऱ्यांचे ग्रुप वाढत गेले. यातल्या कुणालाही विचारा, उत्तर बहुतेक हेच येतं: ‘हा एक तास फक्त माझा. ना ऑफिसचा, ना घरचा.’

यातलं ‘फक्त माझा’ मला तपासून बघायचंय.

त्याच तासात घरी पाणी येतं, ते भरायचं असतं. दूध आत घ्यायचं, पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे, मुलीला तीनदा हाक मारून उठवायचं. मी धावत असतो तेव्हा घरात बायकोची धावपळ चाललेली असते. शब्द जवळजवळ एकच, पण किलोमीटर मोजले जातात फक्त माझे. ओट्यापासून बाल्कनीपर्यंतच्या फेऱ्यांना कुणी मेडल देत नाही.

मराठीत धावण्याच्या दुसऱ्या टोकाला सहसा कुणीतरी उभं असतं. अडचणीत शेजारी ‘धावून येतो’. देवाचा ‘धावा’ करतात, म्हणजे त्यालाच धावत ये म्हणतात. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या होत्या, कारण नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. त्या जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली.

मग स्वतःसाठी धावणं कमी दर्जाचं का? मला तसं वाटत नाही. लताबाईंच्या धैर्यापुढे मान झुकते, पण त्यांच्या नाइलाजाला आदर्श म्हणणं क्रूरपणाचं होईल. उपचारांच्या पैशांसाठी कुणालाही धावावं लागू नये. गरज नसताना धावता येणं ही मोकळीक आहे, आणि मोकळीक चांगलीच गोष्ट. प्रश्न एवढाच की घरात ती कुणाकुणाच्या वाट्याला येते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हिरोक्लीझ नावाचा एक स्टोइक तत्त्वज्ञ होता. तो म्हणायचा, माणूस अनेक वर्तुळांच्या मध्यावर उभा असतो. सगळ्यांत आत स्वतः, मग आई-वडील, भावंडं, जोडीदार, मुलं, मग नातेवाईक, मग गाव, आणि शेवटी सगळी माणसं. बाहेरच्या वर्तुळातल्यांना एकेक वर्तुळ आत ओढत राहणं हे आपलं काम. धावण्यामुळे हे थोडं साधतं. रविवारच्या ग्रुपमधल्या अनोळखी माणसाचा गुडघा दुखला, तर सगळे आपला वेग कमी करतात. गंमत अशी की ग्रुपमधल्या प्रत्येकाचा वेग आपल्याला पाठ असतो, पण घरातल्या माणसाला शेवटचा मोकळा तास कधी मिळाला, ते आठवत नाही. दूरची माणसं जवळ आणताना जवळची दिसेनाशी होऊ शकतात, हेही त्या वर्तुळांत जोडायला हवं.

आमच्या घरी आता वार ठरलेत. मंगळवार, गुरुवार, शनिवारची पहाट बायकोची. पाणी, दूध, डबे माझ्याकडे. ती धावत नाही. कधी झोपते, कधी चहा घेऊन गच्चीत जाते. सुरुवातीला मी विचारलं, ‘काय केलंस?’ ती म्हणाली, ‘काही नाही.’ माझ्या तासाचा हिशोब घड्याळात असतो: अंतर, वेग, हृदयाचे ठोके. तिच्या तासाला दाखवण्यासारखं काहीच नाही. ‘फक्त माझा’ हे शब्द मला तिच्याच तासाला जास्त शोभतात.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरजवळ आली की वारकरी ‘धावा’ करतात. पंढरपूर जवळ आल्याच्या आनंदात म्हातारी-तरणी सगळी उतारावरून पळत सुटतात. तिथे कुणी वेळ नोंदवत नाही, पहिला नंबर नसतो. एकाला धावता यावं म्हणून दुसऱ्याने मागे थांबावं, असंही नसतं. चार माणसांच्या घरात रोज हे जमणार नाही. तिथे आळीपाळीनेच धावावं लागतं.

तुम्हीही उद्या पहाटे बूट घालणार असाल तर जरूर धावा. परत आल्यावर एवढंच विचारा, त्या तासाचं पाणी कुणी भरलं?