विचारणाऱ्याचा रस्ता

लातूरच्या गंजगोलाईजवळ एका आजोबांचं डाळीचं दुकान होतं. शिक्षण संपवून घरी आलेल्या नातीनं दुकानाची वेबसाइट काढली. सुरेख फोटो लावले, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘सर्वोत्तम दर्जा, वाजवी भाव’. पण तिकडं कुणी फिरकेना. मग तिनं जाहिरातीला पैसे भरले. माणसं आली, वरवर पाहून निघून गेली. पैसे संपले तसं येणंही थांबलं.

“आबा, कुणीच येईना,” ती रडवेली होऊन म्हणाली.

“माय, आपल्या गोलाईला सोळा रस्ते मिळतात,” आबा म्हणाले. “गुळाचा बाजार एकीकडं, चपलांचा दुसरीकडं. माणूस आपली गरज घेऊन निघतो अन् त्याच रस्त्याला लागतो. तुझ्याकडं यायला त्याला रस्ता कुठला हाय?”

तेवढ्यात नांदेडहून एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. “मामा, बोअरच्या पाण्यात डाळ शिजंना बघा. काय करू?”

“पिण्याच्या गोड्या पाण्यात तासभर भिजवा, त्याच पाण्यात शिजवा. अन् चिंच डाळ शिजल्यावरच घाला.”

नात दिवसभर गल्ल्याजवळ बसून ऐकत राहिली. पॉलिश केलेली डाळ ओळखायची कशी? वर्षाची डाळ भरून ठेवली तर कीड लागू नये म्हणून काय करायचं? आबा प्रत्येकाला न कंटाळता सांगत होते. माणसं इतकी वर्षं या दुकानाची पायरी का चढतात, ते तिला उमगलं. वेबसाइटवर नेमकं तेच नव्हतं.

तिनं एकेका प्रश्नाला एकेक पान दिलं आणि मथळा विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवला : ‘बोअरच्या पाण्यात तूरडाळ का शिजत नाही?’ खाली कारण दिलं, की जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याला मऊ पडू देत नाही. दोन्ही पाण्यांत डाळ शिजवून स्वतः काढलेले फोटो जोडले. काही महिन्यांनी गूगलवर हाच प्रश्न विचारणारी माणसं तिच्या पानावर येऊ लागली. वाचून झाल्यावर काही जण डाळही मागवू लागले.

2024 मध्ये निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं. एक ओळखीचा म्हणाला, “सगळ्याच डाळीवर बोरसुरी लिहून टाक. गर्दी लोटेल.”

नातीचं मन क्षणभर डळमळलं. आबा एवढंच म्हणाले, “नाव वाचून आलेला माणूस घरी डाळ शिजवणार हाय, बाई.”

तिनं नवं पान लिहिलं. बोरसुरीच्या डाळीची माहिती दिली आणि शेवटी स्पष्ट सांगितलं, ‘ही डाळ सध्या आमच्याकडे नाही. आहे ती उदगीरच्या डाळमिलची.’ ते वाचून काही जण निघून गेले. पण ज्यांनी उदगीरची डाळ मागवली, त्यांचा तिच्या शब्दावर विश्वास बसला. पुढच्या खेपेला ते गूगलवर न शोधता थेट तिच्याकडेच आले आणि शेजाऱ्यांनाही सांगू लागले.

तात्पर्य : जाहिरात माणसाला दारापर्यंत आणते, त्याच्या अडचणीचं उत्तर त्याला आत थांबवतं आणि खरं बोलणं त्याला पुन्हा घेऊन येतं.