कानाच्या नावाने

आहे तो महागडा सीडी प्लेअर बदलून आणखी महागडा घ्यावा का, हा प्रश्न कोलकात्यातल्या बालीगंजच्या हौशी मंडळींत नेहमी कानाच्या नावाने विचारला जातो. मला तो लेसरचा आणि खोलीचा वाटतो.

दुकानात नवे यंत्र ऐकताना काय होते ते पाहा. सीडी प्लेअरने सुमारे 2 व्होल्टचा सिग्नल द्यावा असा रिवाज आहे. काही भारी यंत्रे अडीच व्होल्ट देतात. व्हॉल्यूमची कळ तिथेच राहिली तर आवाज जवळपास 2 डेसिबलने चढतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, तानेतला दाणा न् दाणा सुटा झाला. पातळी मोजून सारखी केली की हा साक्षात्कार बराचसा ओसरतो. विक्रेता फसवतोच असे नाही. त्यालाही तसेच ऐकू येत असते.

1982 मध्ये सोनी आणि फिलिप्स यांची सीडी बाजारात आली, तेव्हा सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येकी 16 बिटांचे, यांचा नेमका ध्वनी करणे अवघडच होते. आता साधी चिपही ते काम चोख करते. 2007 मध्ये मेयर आणि मोरन या अमेरिकी संशोधकांनी उच्च क्षमतेच्या मुद्रणाच्या वाटेत सीडीच्या मापाचे रूपांतर घातले, पातळी जुळवली आणि लोकांना फरक ओळखायला सांगितले. 554 चाचण्यांत बरोबर उत्तरे निम्मीच आली. छापा-काटा केला असता तरी तेवढीच आली असती.

शिवाय आपण वाजवतो काय? केसरबाई केरकरांचे गाणे 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून सीडीवर आलेले. मुळात त्या तबकड्यांतच वरच्या कंपनसंख्या फारशा उतरलेल्या नाहीत. प्लेअर त्या आणणार कुठून?

त्यात इथली जुनी घरे. उंच छत, लाल सिमेंटची गुळगुळीत जमीन, खडखड्यांच्या, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या, खिडक्या. टाळी वाजवली तर ती घुमत राहते. तबल्याचा बायाँ नुसता गुरगुरतो. सीडीचा पल्ला 96 डेसिबलचा, पण गरियाहाटच्या बसचा हॉर्न आत शिरला की विलंबितातला तंबोरा त्याखाली बुडतो. अशा खोलीत जाड जाजम, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि भिंतीपासून हातभर पुढे ओढलेले स्पीकर यांनी पडणारा फरक पाहुण्यालाही कळतो. (स्पीकर पुढे ओढायला घरातल्यांची परवानगी मिळवणे मात्र लाखाच्या यंत्राहून कठीण.)

जड धातूची पेटी, अलगद सरकणारा ट्रे यांची हौस असेल तर खुशाल घ्यावे. हौसेला मोल नाही. फक्त कानाला पुढे करू नये.

खरी निकड येते ती झिजेमुळे. ट्रेचा रबरी पट्टा दमट हवेत सैल पडतो. तसला पट्टा चांदनी मार्केटमध्ये शोधता येतो. लेसर क्षीण झाला की मात्र चकती अडखळू लागते, आणि फिलिप्सच्या जुन्या सीडीएम मालिकेतले लेसर आता बनतच नाहीत. म्हणून नव्या यंत्राबद्दल आधी विचारावे ते हे: लेसर कोणत्या बनावटीचा, सुटा मिळतो का, कोलकात्यात तो बसवून कोण देईल? विक्रेत्याला हे सांगता येत नसेल, तर संगणकाच्या साध्या ड्राइव्हने चकत्या उतरवून घ्याव्यात आणि अंकांचे ध्वनीत रूपांतर करण्याचे काम एखाद्या सुट्या डॅककडे सोपवावे.