अर्पण कोणाचे आणि अपराध कोणाचा?

संतसज्जनहो, मोठे संकट कोसळले म्हणजे माणसांच्या तोंडी दोन वाक्ये हटकून येतात. एक, "देवाची इच्छा." दुसरे, "पापाचे फळ, दुसरे काय!" मयताच्या दारी बसलेल्या मंडळींत ही दोन्ही आपण कितीदा तरी ऐकली आहेत. एका घरचे मरण असेल तर त्यावर कोणी फारसा विचार करीत नाही. पण अवघे गाव, अवघा समाज माणसाच्याच हाताने जळून गेला, तर तेथे ही वाक्ये चालतील काय? ह्या प्रश्नाची कसोटी ज्यांच्या वाट्यास आली ते लोक आमच्या संप्रदायाचे नव्हेत; जपानातील नागासाकी शहराचे ख्रिस्ती भाविक होत. देवाचे नाव वेगळे, पण प्रश्न भक्तीचा आहे, म्हणून तो आपलाही आहे.

त्या गावाशी आपल्या मुलुखाचा धागाही जुना आहे. ज्यांचा देह आज जुन्या गोव्यात आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहूनच निघून जपानात पोचले. पुढे १५९७ सालच्या ५ फेब्रुवारीस नागासाकीच्या टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. १६१४ साली जपानात त्या धर्माला सरसकट बंदी झाली. नागासाकीला लागून उराकामी नावाचे खेडे होते. तेथील शेतकऱ्यांपुढे सरकारी माणसे येशूची किंवा मरियामातेची प्रतिमा जमिनीवर ठेवीत आणि एकेकाला तिच्यावर पाय द्यावयास लावीत. लोक पाय देत आणि घरी येऊन देवाची क्षमा मागत. पाद्री नाही, देऊळ नाही; बापाने मुलाच्या कानात सांगावे, मुलाने नातवाच्या. असे सुमारे अडीचशे वर्षे चालले!

१८६५ साली ते प्रकट झाले, आणि लगेच पुन्हा छळ सुरू झाला. तीन हजारांहून अधिक लोकांना गावातून उचलून देशभर हद्दपार केले. त्यांतले सहाशेच्या वर परत आलेच नाहीत. १८७३ साली बंदी उठली तेव्हा उरलेले लोक परतले. ज्या गावमुखंडाच्या वाड्यात त्यांना प्रतिमा तुडवावयास लावीत तीच जागा त्यांनी विकत घेतली आणि तेथे आपले मंदिर बांधले. १८९५ साली काम सुरू झाले ते १९१४ साली पूजायोग्य झाले. गरिबांच्या वर्गणीचे काम, वेळ लागायचाच.

आता १९४५ सालचा ९ ऑगस्ट पाहा. दहा दिवसांपूर्वीपर्यंत त्या दिवसाचे काही वेगळेपण कोणास ठाऊक नव्हते. अमेरिकेचे विमान अणुबॉम्ब घेऊन निघाले होते ते कोकुरा शहरावर. तेथे ढग आणि धूर होता, निशाण दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला तो उराकामीच्या माथ्यावर, त्या मंदिरापासून सुमारे ५०० मीटरवर. १५ ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण होता. त्याच्या तयारीसाठी लोक पाद्र्यांपुढे आपल्या पापांची कबुली देण्यास आले होते. आत होते ते सगळे गेले. उराकामीच्या सुमारे १२ हजार ख्रिस्ती लोकांपैकी जवळजवळ साडेआठ हजार गेले. अवघ्या शहरात त्या वर्षअखेरपर्यंत मेलेल्यांचा आकडा सुमारे ७४ हजार सांगतात.

जे वाचले त्यांना आणखी एक घाव बसला. शहरातलेच काही लोक म्हणू लागले की परक्या देवाला भजता, म्हणून आकाशातून शिक्षा आली. घरदार गेले, बायकापोरे गेली, आणि वर हे ऐकावयाचे!

त्या लोकांत नागाई ताकाशी नावाचे डॉक्टर होते. क्ष-किरणांच्या कामाने त्यांना रक्ताचा कर्करोग बॉम्बच्या आधीच जडला होता. दोन दिवसांनी ते घराच्या राखेत शिरले तेव्हा पत्नी मिदोरी ह्यांची जळलेली हाडे मिळाली, आणि त्यांजवळ वितळलेली जपमाळ. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी मंदिराच्या पडक्या भिंतींपुढे मृतांसाठी प्रार्थना झाली. तेथे नागाई बोलावयास उभे राहिले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता: ही शिक्षा नव्हे. युद्धाच्या पापासाठी वेदीवर निर्मळ कोकरू लागते, तसे उराकामी निवडले गेले. त्यांच्या होमानंतर, स्वर्गारोहणाच्या सणादिवशीच, युद्ध थांबले. तेव्हा आपण देवाचे आभार मानू या.

वाचकहो, हे ऐकून कोणाचे मन चरकेल, कोणाचे डोळे भरतील. दोन्ही खरे आहे. 'तुमची माणसे पापी म्हणून मेली' असे जग म्हणत असता 'ती पवित्र होती' असे सांगणारा कोणी उभा राहिला, ही केवढी दया! आणि सांगणारा कोण? आपल्या पत्नीची हाडे स्वतःच्या हाताने वेचलेला माणूस. त्याच्या तोंडी तो शब्द शोभला. त्यावर शेरा मारण्याचा आम्हांस अधिकार नाही.

परंतु शब्द एकदा सुटला म्हणजे तो बोलणाऱ्याचा राहत नाही. पुढे नागासाकीतच यामादा कान नावाचे कवी आणि ताकाहाशी शिंजी हे अभ्यासक ह्यांनी आक्षेप घेतला. ही देवाचीच योजना असेल, तर बॉम्ब टाकणारा सुटला. युद्ध पेटविणारे आणि ते लांबविणारे जपानी राज्यकर्तेही सुटले. शिवाय मेलेल्यांत बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हतेच, वेठीला आणलेले कोरियन मजूरही होते. ते कोणत्या वेदीवर गेले? 'हिरोशिमा संतापते, नागासाकी प्रार्थना करते' अशी म्हणच जपानात पडली. प्रार्थनेने तोंड बंद होत असेल, तर ती प्रार्थना कोणाच्या सोयीची?

हा पेच आपल्याला परका नाही. चोखोबांचे मरण आठवा. ज्या गावाने त्यांना कुसाबाहेर ठेवले त्याच मंगळवेढ्याचे कुसू बांधता बांधता ते त्याखाली गाडले गेले. त्यांच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले आणि नामदेवरायांनी ती वेचून पंढरीस आणली, असे आपण सांगतो आणि महाद्वारी समाधीपुढे माथा टेकतो. पण म्हणून 'विठ्ठलानेच ते कुसू पाडले' असे कोणी म्हणेल काय? हाडांतले नाम चोखोबांचे. त्यांना कुसाबाहेर ठेवण्याचे काम माणसांचे. नामाचा महिमा गाताना त्या माणसांचा अन्याय पुसून टाकला, तर ती भक्ती नव्हे, झाकपाक झाली.

तेव्हा आमच्या बुद्धीस जो विवेक सुचतो तो असा. अर्पण म्हणजे आपल्या हाताने आपले देणे. उराकामीच्या माणसांनी प्राण दिले नाहीत. ते त्यांच्याकडून हिरावले गेले. दुसऱ्याचा हिरावलेला प्राण आपण देवाला वाहू शकत नाही. मागे राहिलेल्याला वाहता येते ते आपले स्वतःचे दुःख, आपला राग, आपली उरलेली वर्षे. नागाईंनी शेवटी तेच केले. दोन चटयांच्या झोपडीत ते अंथरुणाला खिळून लिहीत राहिले. शेजाऱ्यावर आपल्यासारखेच प्रेम करावे ह्या शिकवणीवरून त्यांनी त्या झोपडीचे नाव ठेवले होते. मिळालेल्या पैशांतून उजाड उराकामीत चेरीची हजार झाडे लावली. १९५१ साली ते गेले. होमाविषयीच्या त्यांच्या शब्दावर वाद होईल. पण हे जे त्यांनी स्वतःचे वाहिले त्यावर कोण वाद घालील?

दुसरे असे, की 'ही देवाची इच्छा' हा शब्द ज्याचे गेले त्याने एकांतात उच्चारला तर तो आधार आहे. तोच शब्द पाहणाऱ्याने उच्चारला तर ती निष्ठुरता होते, आणि करणाऱ्याने उच्चारला तर पाप होते. बॉम्ब नेणाऱ्या वैमानिकांच्या तळावर जॉर्ज झाबेल्का नावाचे कॅथलिक पाद्री होते. पुढे त्यांनी उघड सांगितले की त्या वेळी आपण गप्प राहिलो, तो आपला अपराध होता. त्यांनी देवाकडे बोट दाखविले नाही. १९८१ च्या फेब्रुवारीत पोप दुसरे जॉन पॉल हिरोशिमात आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितले की युद्ध हे माणसाचे काम आहे. तेथून ते नागासाकीस गेले. बोलावे की न बोलावे अशा कोंडीत वर्षानुवर्षे बसलेल्या कित्येक ख्रिस्ती लोकांना त्या एका वाक्याने वाचा मिळाली. देव कमी झाला नाही. फक्त त्याच्या माथी टाकलेले ओझे ज्याचे त्याच्याकडे गेले.

आज ते मंदिर पुन्हा उभे आहे. १९५९ साली बांधले. आत मरियामातेच्या लाकडी मूर्तीचे जळके मुख ठेवले आहे, डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी. ते रंगवून गोजिरे केलेले नाही, आणि फेकूनही दिलेले नाही. दोन घंटांपैकी एक ढिगाऱ्यातून सगळी निघाली आणि १९४५ च्याच नाताळात वाजली. दुसरी फुटली होती. तिच्या जागी अमेरिकेतील कॅथलिक लोकांनी वर्गणी काढून नवी घंटा दिली. ती २०२५ सालच्या ९ ऑगस्टला, ८० वर्षांनी, ११ वाजून २ मिनिटांनी पहिलीबरोबर वाजली. त्या कामात पुढाकार घेणाऱ्या प्राध्यापकाचे आजोबा अणुबॉम्बच्या योजनेत डॉक्टर होते. 'आमच्या हातून झाले' हे मान्य करून दिलेली घंटा ती. म्हणून तिचा नाद कानाला गोड लागतो.

सज्जनहो, आठवण ठेवणे ही मोठी साधना आहे. नाम घ्यावे, मृतांसाठी हात जोडावेत, आपले दुःख देवाच्या पायी ठेवावे. आणि त्याच तोंडाने अन्यायाला अन्याय म्हणावे, मग तो परक्याने केलेला असो की आपल्याने. पुढच्या खेपेस कोणाच्या दारी सांत्वनास जाल तेव्हा 'देवाची इच्छा' हे शब्द ओठांशी येतील. ते त्या घरच्या माणसासाठी राखून ठेवा. तुम्ही त्याच्याजवळ बसा, त्याला पाणी द्या. पांडुरंग तेवढ्यातही आहे.